सायकल नसती, तर?

बिहार सरकारने २००६ मध्ये एक योजना आणली. नववीत प्रवेश घेणाऱ्या प्रत्येक मुलीला सायकल घेण्यासाठी दोन हजार रुपये द्यायचे, एवढेच तिचे स्वरूप होते. प्राथमिक शाळा गावात किंवा जवळपास असे. माध्यमिक शाळा मात्र अनेकींसाठी दूर. वयात आलेल्या मुलीला तीन-चार किलोमीटर एकटीने चालत पाठवायला घरचे धजावत नसत आणि आठवीनंतर शिक्षण सुटत असे. सायकलीमुळे हे अंतर आवाक्यात येईल, अशी कल्पना होती. पुढील काही वर्षांत गणवेशातील मुली रांगेने सायकलवरून शाळेला निघाल्याची छायाचित्रे देशभर झळकली, नववीच्या पटावर मुलींची नावे वाढली आणि योजनेच्या यशाबद्दल आणखी काही सिद्ध करायचे उरलेले नाही, असे वाटू लागले.

तथापि त्याच सुमारास बिहारमध्ये इतरही बरेच काही बदलत होते. रस्ते होत होते, कायदा-सुव्यवस्था सुधारत होती, शिक्षकांची भरती चालू होती, राज्याचे उत्पन्न वाढत होते. सायकल दिली नसती, तरी यांतल्या कितीतरी मुली नववीत गेल्याच असत्या. मग पटसंख्येतील वाढ नेमकी कोणाच्या खात्यावर मांडायची? सायकलीच्या, रस्त्यांच्या, की बापाच्या हाती खेळू लागलेल्या चार पैशांच्या? सार्वजनिक पैशातून चालणाऱ्या कोणत्याही योजनेला हा प्रश्न विचारावा लागतो आणि त्याचे उत्तर शोधण्याची जी शिस्त आहे, ती म्हणजे अर्थमितीची एक शाखा. संख्याशास्त्राची अवजारे घेऊन अर्थशास्त्राचे प्रश्न सोडवणे हे अर्थमितीचे काम. गेल्या तीन-चार दशकांत या कामाचे केंद्र हळूहळू सरकले. अर्थव्यवस्थेचे भाकीत करणे मागे पडले आणि ‘अमुक धोरणामुळे अमुक घडले का’ हा प्रश्न पुढे आला. अर्थशास्त्राच्या २०१९ आणि २०२१ अशा दोन नोबेल पारितोषिकांचा संबंध याच प्रश्नाशी आहे.

अडचण मुळातच आहे. ज्या मुलीला सायकल मिळाली, तिलाच सायकल न मिळालेल्या स्थितीत पाहता येत नाही. एरवी तिचे काय झाले असते, हे कोणत्याही नोंदवहीत सापडणार नाही, कारण ते घडलेलेच नाही. म्हणून तिच्या जागी दुसरे कोणीतरी उभे करावे लागते. ही बदली व्यक्ती, गाव किंवा जिल्हा कोणता घ्यायचा आणि तोच का, एवढ्या एका प्रश्नाभोवती हा सारा विषय फिरतो. पुस्तकांतील सूत्रे कितीही भारदस्त दिसली, तरी ती अखेर या बदलीच्या निवडीचीच सूत्रे आहेत.

सरकारी अहवालांत दोन प्रकारच्या तुलना नेहमी आढळतात. पहिली ‘योजनेपूर्वी आणि योजनेनंतर’. तिच्यात काळाबरोबर बदललेले सारे काही योजनेच्या पदरात पडते. दुसरी ‘लाभार्थी आणि बिगर-लाभार्थी’. सायकलीच्या बाबतीत ती तर हास्यास्पद ठरेल. कारण नववीत नाव घातल्याशिवाय पैसेच मिळत नसत. लाभार्थी मुली शंभर टक्के शाळेत होत्या, यात योजनेचे कर्तृत्व काहीच नाही. इतर ठिकाणी हाच दोष अधिक सफाईने लपून बसतो. पश्चिम महाराष्ट्रातील कालव्यांच्या पट्ट्यांत सासवडकडचे माळी शेतकरी ऊस पिकवण्यासाठी येऊन स्थायिक झाले. बागायतीत त्यांचा हात आधीच बसलेला होता. अशा पट्ट्यातील बागायतदाराचे उत्पन्न शेजारच्या कोरडवाहू शेतकऱ्याच्या उत्पन्नाशी ताडून पाहिले, तर हाती येणाऱ्या फरकात पाण्याचा वाटा किती आणि कसबाचा किती, हे कळणार नाही. पाण्याकडे कोण आले, हेच मुळी योगायोगाने ठरलेले नव्हते. धनंजयराव गाडगीळांनी गोखले अर्थशास्त्र संस्थेतर्फे गोदावरी आणि प्रवरा कालव्यांच्या प्रत्यक्ष-अप्रत्यक्ष लाभांची पाहणी केली, तिचा अहवाल १९४८ मध्ये प्रसिद्ध झाला. धोरणाचे फळ मोजण्याची हौस महाराष्ट्राला आजची नाही, ती अशी जुनी आहे.

पुन्हा बिहारकडे वळू. कार्तिक मुरलीधरन आणि निशीथ प्रकाश या दोन अर्थतज्ज्ञांनी या योजनेचा अभ्यास केला. तो २०१७ मध्ये प्रसिद्ध झाला आणि नव्याने हा विषय शिकणाऱ्याने सावकाश उलगडून पाहावा, असा आहे. त्यांच्याजवळ योजनेपूर्वीची स्वतंत्र पाहणी नव्हती. होती ती २००७-०८ मधील जिल्हास्तरीय कुटुंब पाहणी. मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या देखरेखीखाली झालेली. एकाच वेळच्या पाहणीतून ‘आधी’ आणि ‘नंतर’ कसे काढायचे? त्यांनी वयाचा आधार घेतला. पाहणीच्या वेळी चौदा-पंधरा वर्षांच्या असलेल्या मुलींना योजना लागू होती; सोळा-सतरा वर्षांच्या मुलींचे नववीत जाण्याचे वय योजना येण्याआधीच उलटले होते. थोरल्या बहिणी ‘आधी’, धाकट्या ‘नंतर’. एकाच घरातील उंबरठ्याच्या दोन बाजूंना दोन काळ उभे राहिले.

पण एवढ्याने भागत नाही. धाकट्या मुली अधिक शिकल्या, तर ते राज्य सुधारल्यामुळेही असेल. म्हणून मुलगे हाताशी घेतले. राज्यातील रस्ते, शिक्षक, उत्पन्न यांचा लाभ त्यांनाही झाला, सायकल मात्र त्यांना मिळाली नव्हती. मुलींमधील वाढीतून मुलग्यांमधील वाढ वजा केली की दोघांना समान असलेले बदल गळून पडतात. तरीही एक शंका उरते. मुलींच्या शिक्षणाकडे पाहण्याची दृष्टीच त्या काळात बदलत असेल आणि सायकलीविनाही मुली मुलग्यांना गाठू लागल्या असतील, तर? म्हणून तिसरी वजाबाकी. नोव्हेंबर २००० पर्यंत बिहारचाच भाग असलेला झारखंड शेजारी होता. तिथे ही योजना नव्हती.

हिशेब कसा चालतो, हे एका काल्पनिक उदाहरणाने पाहता येईल; हे आकडे केवळ समजुतीसाठी आहेत. समजा, बिहारमध्ये थोरल्या मुलींपैकी शंभरात ३० जणी नववीपर्यंत पोचल्या होत्या आणि धाकट्यांपैकी ४२, वाढ १२. मुलग्यांत तोच आकडा ५० वरून ५६ वर गेला; वाढ ६. म्हणजे मुलींनी मुलग्यांना ६ ने गाठले. झारखंडमध्ये मुलींची वाढ ५ आणि मुलग्यांची ३ असेल, तर तिथे सायकलीविनाच मुलींनी २ ने गाठले. सहातून दोन गेले, उरले चार. हे चार सायकलीचे. ‘फरकांतील फरकाचा फरक’ असे बोजड नाव असलेली पद्धत ती हीच. पाटीवर मांडता येईल अशी तीन पायऱ्यांची वजाबाकी!

प्रत्यक्ष अभ्यासाचा निष्कर्ष असा की, योजनेमुळे योग्य वयात माध्यमिक शाळेत जाणाऱ्या मुलींचे प्रमाण ३२ टक्क्यांनी वाढले आणि मुलगे-मुलींमधील तफावत ४० टक्क्यांनी घटली. यातील ३२ टक्के हे आधीच्या प्रमाणाच्या तुलनेत आहेत, शंभरातील ३२ मुली नव्हेत. बातम्यांत ही गल्लत हमखास होते. पण या आकड्यापेक्षाही अभ्यासातील एक पडताळणी अधिक मोलाची आहे. सायकलीचा उपयोग अंतर कापण्यासाठी. परिणाम खरोखर सायकलीचाच असेल, तर तो शाळा दूर असलेल्या गावांत अधिक आणि शाळा दारात असलेल्या गावांत कमी दिसला पाहिजे. तसेच आढळले. वाढ मुख्यतः शाळेपासून दूरच्या गावांतली होती. झारखंडऐवजी दुसरे राज्य का घेतले नाही, असा वाद कोणी घालू शकेल. पण गावागणिक बदलणारे अंतर आणि त्यानुसार बदलणारा परिणाम यांचा मेळ योगायोगाने बसला, असे म्हणणे अवघड आहे. चांगल्या अभ्यासात मुख्य आकड्याइतकीच, किंबहुना त्याहून अधिक, मेहनत अशा पडताळणीवर खर्ची पडलेली असते.

या पद्धतीचा सारा डोलारा एका गृहीतकावर उभा आहे. सायकल नसती, तर मुलगे-मुलींमधील अंतर दोन्ही राज्यांत सारख्याच वेगाने कमी झाले असते, हे ते गृहीतक. वाटचाल समांतर असावी लागते. पातळी सारखी असण्याची गरज नाही. हे गृहीतक सिद्ध करता येत नाही, फक्त पटवून देता येते. इथे गणित थांबते आणि प्रदेशाची, प्रशासनाची, समाजाची माहिती कामी येते. बिहारची शाळा कशी चालते, हे ज्याला ठाऊक नाही, त्याला उत्तम संगणकही तारणार नाही.

कल्पना तशी जुनी. लंडनच्या डॉ. जॉन स्नो यांना पटकी पाण्यातून पसरते, अशी खात्री होती. ती इतरांना पटत नव्हती. दक्षिण लंडनमध्ये दोन कंपन्यांचे नळ एकाच गल्लीतून, शेजारशेजारच्या घरांत गेलेले होते. त्यांतील लँबेथ कंपनीने १८५२ मध्ये पाणी उपसण्याची जागा थेम्सच्या वरच्या, स्वच्छ अंगाला हलवली. साउथवर्क अँड व्हॉक्सहॉल कंपनी सांडपाणी मिसळलेलेच पाणी पुरवत राहिली. १८५४ च्या साथीत स्नो घरोघर फिरून कोणाकडे कोणाचे पाणी येते, हे विचारत गेले. दर दहा हजार घरांमागे मृत्यू निघाले ३१५ आणि ३७. आपल्या घरी कोणत्या कंपनीचे पाणी येते, हे अनेक भाडेकरूंना ठाऊकही नव्हते आणि या निदानाचे बळ नेमके त्या अज्ञानात होते. श्रीमंत-गरीब, स्वच्छ-अस्वच्छ अशी निवड इथे कोणी केलेलीच नव्हती.

निवड कोणाच्याच हाती राहू नये, याचा सर्वांत खात्रीचा उपाय म्हणजे सरळ चिठ्ठ्या टाकणे. औषधांच्या चाचण्यांतील ही रीत धोरणांच्या परीक्षेत रुळवण्याचे मोठे श्रेय २०१९ च्या नोबेलचे मानकरी अभिजित बॅनर्जी, एस्थर डुफ्लो आणि मायकेल क्रेमर यांना जाते. बॅनर्जी मुंबईत जन्मले आणि त्यांच्या गाजलेल्या प्रयोगांपैकी एक मुंबईच्याच महापालिका शाळांत झाला. ‘प्रथम’ या संस्थेचा ‘बालसखी’ हा कार्यक्रम मुंबईत आणि बडोद्यात चालू होता. वस्तीतलीच एखादी शिकलेली तरुणी मागे पडलेल्या पंधरा-वीस मुलांना रोज दोनेक तास वर्गाबाहेर वेगळे बसवून वाचन-गणिताचे मूलभूत धडे देई. प्रयोगाची मांडणी व्यवहारी होती. कोणतीही शाळा रिकाम्या हाताने परतवायची नाही. मात्र काही शाळांत बालसखी तिसरीला आणि काहींत चौथीला, हे चिठ्ठीने ठरवायचे. मग एका शाळेची तिसरी दुसऱ्या शाळेच्या तिसरीशी ताडता येते आणि कोणत्याही मुख्याध्यापकाला ‘आम्हालाच का वगळले’ असे विचारावे लागत नाही. मुलांची प्रगती झाली, ती मुख्यतः मागे पडलेल्यांची. वर्गातली गर्दी कमी झाल्याने उरलेल्या मुलांना लाभ व्हावा, अशी अपेक्षा होती, तो फारसा दिसला नाही. कार्यक्रम संपल्यानंतर वर्षभराने लाभ टिकला, पण बराच ओसरला. हा निष्कर्ष २००७ मध्ये प्रसिद्ध झाला. अनुकूल परिणामाबरोबर न झालेला आणि ओसरलेला परिणामही नोंदवला जाणे, हे या पद्धतीचे मोठेच बलस्थान.

चिठ्ठ्या सर्वत्र टाकता येत नाहीत. धरण, महामार्ग, व्याजदर यांची सोडत निघत नसते. अशा वेळी सरकारी नियमच मदतीला येतात. पंतप्रधान ग्रामसडक योजना डिसेंबर २००० मध्ये सुरू झाली, तेव्हा आधी हजारांवर आणि मग पाचशेंवर लोकवस्तीच्या गावांना प्राधान्य होते. ४९० लोकांचे गाव आणि ५१० लोकांचे गाव यांत वस्तुतः काय फरक असणार? रस्ता मिळण्याची शक्यता मात्र त्या रेषेवर एकदम वाढते. सॅम अॅशर आणि पॉल नोवोसाद यांनी महाराष्ट्रासह ज्या मोजक्या राज्यांत हा निकष बऱ्यापैकी पाळला गेला, तिथल्या रेषेलगतच्या गावांची तुलना केली. त्यांच्या २०२० मधील निष्कर्षाने अनेकांचा हिरमोड केला. रस्ता आला की माणसे शेतीबाहेरच्या कामाकडे वळतात, हे दिसले. पण शेतीत, उत्पन्नात किंवा घरच्या मालमत्तेत मोठा बदल आढळला नाही. ‘रस्ता आला की भाग्य आले’ हे भाषणातले वाक्य मोजणीच्या कसोटीवर अर्धेच उतरले.

अशा रेषेचा वापर करताना एक पथ्य पाळावे लागते. रेषा कोणाला मनाजोगती ओलांडता येता कामा नये. गावाची लोकसंख्या योजनेच्या कागदावर फुगवता येते, म्हणून त्या अभ्यासात जनगणनेचा आकडा घेतला गेला. महाराष्ट्रात २०२४ मध्ये सुरू झालेल्या लाडकी बहीण योजनेचे मूल्यमापन करायला निघालेल्या विद्यार्थ्याला अडीच लाखांची उत्पन्नमर्यादा मोहात पाडेल. पण उत्पन्नाचा आकडा रेषेच्या आत बसवणे ही काही अशक्य कोटीतील गोष्ट नव्हे, हे त्याने तहसील कचेरीत एक सकाळ घालवली तरी उमजेल. किमान वयाची अट त्या मानाने बरी.

‘साधन चला’ची पद्धत अधिक निसरडी. शिक्षण आणि कमाई यांचा संबंध मोजायचा, तर शिक्षण लांबवणारी, पण कमाईशी अन्यथा संबंध नसलेली एखादी गोष्ट शोधायची. अमेरिकेत जोशुआ अँग्रिस्ट आणि अॅलन क्रूगर यांनी १९९१ मध्ये जन्माची तिमाही हे साधन वापरले. सक्तीच्या शिक्षणाच्या कायद्यामुळे वर्षाच्या कोणत्या महिन्यात जन्म झाला, यावर शाळा किती काळ चालू राहते, हे किंचित ठरत असे. युक्ती नामी होती. पण संबंध इतका क्षीण की त्यावर उभे केलेले उत्तर डळमळते, हे १९९५ मध्ये दाखवून दिले गेले. नवशिक्यांना ही पद्धत फार आवडते आणि परीक्षकांचा संशयही तिच्यावरच सर्वाधिक असतो.

अर्थमितीचा गर्व उतरवणारा एक निबंध प्रत्येक अभ्यासक्रमात असतो, किंवा असावा. रॉबर्ट लालोंड यांनी १९८६ मध्ये अमेरिकेतील एका रोजगार-प्रशिक्षण कार्यक्रमाची माहिती घेतली. त्यात कोणाला प्रशिक्षण द्यायचे हे सोडतीने ठरले होते, त्यामुळे खरे उत्तर ठाऊक होते. मग त्यांनी सोडतीतून आलेला तुलनेचा गट बाजूला ठेवला, त्या जागी सर्वसाधारण पाहण्यांतील माणसे बसवली आणि त्या काळच्या प्रचलित पद्धती एकेक करून चालवून पाहिल्या. उत्तरे एकमेकांशी जुळेनात, खऱ्या उत्तराशीही जुळेनात. सूत्र तेच, माहिती खरी. चुकीची होती ती बदली माणसे.

असे धक्के अजूनही बसतात. महाराष्ट्राच्या रोजगार हमीचा वारसा सांगणारा राष्ट्रीय रोजगार हमी कायदा फेब्रुवारी २००६ मध्ये २०० जिल्ह्यांत, २००७ मध्ये आणखी १३० जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पासून उर्वरित जिल्ह्यांत लागू झाला. टप्प्याटप्प्याने आलेल्या अशा धोरणांवर शेकडो प्रबंध लिहिले गेले. या प्रबंधांतील नेहमीचे सूत्र आधी योजनेत आलेल्या जिल्ह्यांनाच नंतर आलेल्यांसाठी तुलनेचा गट म्हणून वापरते, हे अँड्र्यू गुडमन-बेकन यांच्या २०२१ मधील निबंधाने आणि त्याच सुमाराच्या इतर लेखनाने स्पष्ट केले. पहिल्या जिल्ह्यांत परिणाम वर्षागणिक वाढत असेल, तर ती वाढ दुसऱ्यांच्या परिणामातून वजा होते आणि लाभाची योजना निरुपयोगी, प्रसंगी अपायकारकही दिसू शकते. दहा वर्षांपूर्वी हा विषय शिकलेल्या अध्यापकालाही त्यामुळे पुन्हा विद्यार्थी व्हावे लागले आहे.

साधनांची आज वाण नाही. अँग्रिस्ट आणि पिश्के यांचे २००९ मधील पाठ्यपुस्तक अजून वाचले जाते. स्कॉट कनिंगहॅम यांचे २०२१ मधील पुस्तक महाजालावर विनामूल्य वाचता येते. ‘आर’ ही संगणकप्रणाली फुकट आहे. राष्ट्रीय नमुना पाहणी आणि राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणी यांची कुटुंबनिहाय माहिती नोंदणी करून मिळवता येते. मोठ्या नियतकालिकांतील अनेक निबंधांची मूळ माहिती आणि आज्ञावली जोडीला ठेवलेल्या असतात. एखादा निबंध घेऊन त्यातील पहिला तक्ता स्वतःच्या संगणकावर जसाच्या तसा काढून पाहणे, यासारखा दुसरा अभ्यास नाही. पहिल्या प्रयत्नात तो बहुधा जुळत नाही. कोणती कुटुंबे वगळली, रिकाम्या नोंदींचे काय केले, हे शोधता शोधता जे शिकायला मिळते, ते व्याख्यानात मिळत नाही. उलट, प्रणालीत आज्ञा दिली की क्षणात आकडा पुढ्यात येतो आणि त्याच्या शेजारी छापलेल्या तारका पाहून विद्यार्थी हरखतो. हा आकडा कोणाच्या तुलनेत, हे त्याला विचारावे. बहुतेकदा तिथेच शांतता पसरते.

बिहारच्या अभ्यासातही सारेच आलबेल नाही. दहावीच्या परीक्षेला बसणाऱ्या मुलींची संख्या १८ टक्क्यांनी वाढली, उत्तीर्ण होणाऱ्यांची मात्र १२ टक्क्यांनी. सायकल मुलीला शाळेच्या दारापर्यंत नेते. आत काय शिकवले जाते, ते तिच्या हाती नाही. शिवाय २००७-०८ नंतरच्या वर्षांसाठी हाच हिशेब आज कोणाला मांडायचा असेल, तर अडचण येईल. योजना लोकप्रिय ठरल्यावर बिहार सरकारने पुढे काही वर्षांतच मुलग्यांनाही सायकली देण्यास सुरुवात केली आणि मुलींच्या तुलनेला उभे करायला तिथे कोणी उरले नाही.